घर 'नॅशनल रजिस्टर'वर आहे म्हणून घाबरू नका, भिंतीतल्या दरजा मात्र बघा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारं एक मराठी जोडपं मॅडिसन काउंटीत, विंटरसेटजवळ, १८६०च्या आसपास बांधलेलं चुनखडीच्या दगडाचं घर आणि त्यामागचं बार्न बघून आलंय. घर 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस'वर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीवर आहे. एजंट म्हणतो, त्यामुळे घराला भाव आहे. शेजारचा शेतकरी म्हणतो, आता साधी खिडकी बदलता येणार नाही. आणि साताऱ्याहून सासरे फोनवर म्हणाले, "पुरातत्त्व खात्याच्या भानगडीत पडू नका, जन्मभर परवानग्या मागत बसाल." यातलं खरं कुणाचं?

खरं सांगायचं तर तिघांचंही पूर्ण नाही. मी आयोवात बावीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. या गल्लतीवर माझे किती शनिवार गेले असतील याचा हिशेब नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासऱ्यांचं चुकणं समजण्यासारखं आहे. आपल्याकडे केंद्रसंरक्षित स्मारक म्हटलं की १९५८चा कायदा आणि २०१०ची दुरुस्ती आली: शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी. किल्ल्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर आहे त्यांनी हे भोगलेलं असतं. 'संरक्षित' हा शब्द आपण त्या अनुभवातूनच ऐकतो. अमेरिकेतलं नॅशनल रजिस्टर मुळात वेगळ्या जातीचं आहे. ती यादी आहे, कुलूप नाही. खासगी मालकानं स्वतःच्या पैशानं, केंद्र सरकारचा परवाना किंवा निधी न लागणारं काम काढलं, तर रजिस्टर त्याला अडवत नाही. रंग बदला, खिडक्या बदला, आणि ऐकायला कसंतरीच वाटेल, पण घर पाडलं तरीही रजिस्टर अडवत नाही.

हे असं का, हे १९६६मध्ये जाऊन बघावं लागतं. तोवर महामार्ग आणि शहर-नूतनीकरणाच्या योजनांनी सरकारी पैशातूनच जुन्या वस्त्या सपाट केल्या होत्या. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३पासून पाडायला घेतलं आणि लोक खडबडून जागे झाले. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्वेशन अ‍ॅक्टवर सही केली. त्या कायद्यानं हात बांधले ते सरकारचे. कलम १०६ म्हणतं की केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा मंजुरी ज्या कामात आहे, त्या कामाचा रजिस्टरवरच्या किंवा रजिस्टरला पात्र असलेल्या जागेवर काय परिणाम होईल हे आधी बघा, राज्याच्या वारसा कार्यालयाशी बोला, मग पुढे जा. त्यातही 'वाचवाच' असं कुठे लिहिलेलं नाही, 'विचार करा' एवढंच आहे. मालकाच्या मर्जीला तर इतका मान की १९८०च्या दुरुस्तीनंतर मालकानं हरकत घेतली तर खासगी मालमत्ता यादीत जातच नाही. 'पात्र' असा शेरा फार तर मिळतो.

म्हणजे शेजारी चुकला. पण पूर्ण चुकला असंही म्हणवत नाही, कारण बंधनं असू शकतात, फक्त ती दुसऱ्या दाराने येतात. गावाचा किंवा काउंटीचा स्वतःचा जतनाचा नियम असेल आणि त्याखाली हे घर नोंदलेलं असेल, तर तिथली समिती बाहेरच्या बदलांना परवानगी मागायला लावू शकते. मुंबईत १९९५च्या हेरिटेज नियमावलीखाली ग्रेड मिळालेल्या इमारतीचं जसं होतं, साधारण तसं. दुसरं दार म्हणजे जतन-करार, वास्तूत मनमानी बदल न करण्याचं लेखी वचन. आधीच्या मालकानं एखाद्या संस्थेला असा करार लिहून दिला असेल तर तो जमिनीबरोबर चालतो आणि तुमच्यावर बंधनकारक होतो. तिसरं, आधीच्या मालकानं सरकारी अनुदान किंवा करसवलत घेतली असेल तर त्याच्या अटी. यातलं जे काही नोंदलेलं असेल ते बघायला आयोवात एक बरी सोय आहे. इथे खासगी कंपन्यांना टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) विकता येत नाही, म्हणून अजूनही जमिनीचा 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट', म्हणजे तिच्या मालकीच्या आणि बोजांच्या नोंदींचा सारांश काढून वकील तो ओळीओळीनं वाचतो आणि लेखी मत देतो. वकिलाला नेमकं विचारा: घरावर कुठला जतन-करार, अट किंवा बोजा काउंटी रेकॉर्डरकडे नोंदलेला आहे का? तुमच्या सासऱ्यांना हा भाग कळेल. सातबारा बघितल्याशिवाय व्यवहार करू नका, असं तेच सांगत असतील.

एजंटच्या 'भाव आहे' या म्हणण्यावर फार शब्द खर्च करत नाही. विकणाऱ्याचा माणूस आहे तो.

आता एक गोष्ट, जी या काउंटीत राहायला जाणाऱ्यानं ऐकलीच पाहिजे. मॅडिसन काउंटी म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास वस्ती, मका, सोयाबीन आणि छपराचे लाकडी पूल. एके काळी असे १९ पूल होते, आज ६ आहेत. पुलाला छप्पर कशाला, तर खालची जाड फरशीची लाकडं महाग. वरचे पत्रे-फळ्या कुजल्या तर बदलता येतात, फरशी कुजली तर पूलच जातो. बेंटन जोन्स नावाच्या सुतारानं यातले बरेच बांधले, बाजूंना फळ्यांची तिरकस जाळी करून. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हॉलिवेल पुलात उभा राहिलो तेव्हा ती जाळी बघून आपल्याकडच्या वाड्याच्या लाकडी गवाक्षाची आठवण झाली. फक्त इथे ती शोभेची नाही, १२२ फुटांच्या पुलाचा भार पेलायला आहे. पुलाला नाव पडायचं ते जवळ राहणाऱ्या शेतकऱ्याचं. रोझमन पुलाची तर भुताटकीची गोष्टही आहे: १८९२मध्ये तुरुंगातून पळालेल्या एकाला दोन्ही टोकांनी घेरलं आणि तो छपरातून वर उडून गायब झाला म्हणे.

यातला सीडर पूल १८८३चा. १९७६मध्ये हे पूल रजिस्टरवर गेले. ३ सप्टेंबर २००२च्या रात्री कुणीतरी सीडर पूल पेटवला. लोकांनी वर्गणी काढली, मूळ आराखड्यावरून तसाच पूल २००४मध्ये परत उभा केला. एप्रिल २०१७मध्ये तोही जाळला गेला. २०१९मध्ये तिसऱ्यांदा बांधला. त्याआधी १९८३मध्ये मॅकब्राइड पूल असाच गेला होता. त्याच्या लाकडात कोरलेली प्रेयसीची आद्याक्षरं पुसायची होती म्हणून एकानं काडी लावली, असं तिथं सांगतात. आता विचार करा, रजिस्टरवर असल्यानं यातल्या कुठल्या पुलाचं काय अडलं? रजिस्टरवर नाव असल्यानं आग लागायची थांबत नाही, छत गळायचं थांबत नाही. सीडर दोनदा परत उभा राहिला तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुलांचा उत्सव भरवणाऱ्या, केक विकून पैसे जमवणाऱ्या माणसांमुळे.

दुसरी बाजूही आहे. जळून परत बांधलेला पूल दिसायला तोच, पण रजिस्टरच्या भाषेत तो तोच राहत नाही. तिथे सात गोष्टी बघतात: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, तिथं उभं राहिल्यावर येणारा भाव आणि इतिहासाशी नातं. नव्या लाकडाच्या पुलात साहित्य आणि कारागिरी दोन्ही गेली. जागेवरून हलवलेल्या वास्तूही एरवी नको म्हणतात, पण पुलांच्या बाबतीत समजून घेतात. कटलर-डोनाहो पूल १९७०मध्ये उचलून विंटरसेटच्या बागेत नेला, तरी तो यादीत आहे. नुसतं कुणाचं जन्मस्थानही सहसा चालत नाही. विंटरसेटला १९०७मध्ये जॉन वेन जन्मला, ते छोटं घर बघायला अजून लोक येतात. पण अमुक नट इथे जन्मला एवढ्यावर रजिस्टरचं समाधान होत नसतं, त्याच्या कर्तृत्वाशी थेट जोडलेली दुसरी जागा उरलीय का हे ते विचारतात.

गावाच्या चौकात १८७६चं कोर्ट-हाउस आहे, घुमटाचं, तिथल्याच दगडाचं. आराखडा पिकेनार या वास्तुविशारदाचा, जो आयोवाच्या राजधानीतल्या कॅपिटॉलचाही एक वास्तुविशारद. मराठी माणसानं इथे आल्यावर चौकाजवळची जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या नावाची छोटी बागही बघावी. कार्व्हर आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतो, पण सिम्पसन कॉलेजात १८९०मध्ये जाण्याआधी तो याच गावात हॉटेलात स्वयंपाकी होता आणि मिलहॉलंड दांपत्यानं त्याला शिकायला पुढे ढकललं, हे विंटरसेटला आलेल्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असतं.

असो. तुमच्या घराकडे येतो.

पहिलं काम, त्या घराची रजिस्टरसाठी केलेली मूळ नोंद मिळवा. राज्याच्या वारसा कार्यालयाकडे असते, बऱ्याचदा रजिस्टर सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावरही. सातव्या भागात वर्णन असतं, आठव्यात महत्त्व, दहाव्यात सीमा. १९७०च्या दशकातल्या नोंदी दोन-तीन पानांत उरकलेल्या असतात, त्यामुळे निराश होऊ नका. दोन गोष्टी शोधा. एक, सीमा कुठवर आहे. तुम्ही दहा एकर घेत असलात तरी नोंद अर्ध्या एकराची असू शकते. दोन, बार्न त्या जागेच्या ऐतिहासिक महत्त्वात 'भर घालणारं' म्हणून धरलंय की नाही. बार्न नोंदीत धरलेल्या महत्त्वाच्या काळानंतर बांधलेलं असेल किंवा पत्रे मारून ओळखू येत नसेल तर ते यादीत असून नसल्यासारखं. सवलतींचं गणित याच ओळीवर फिरतं.

सवलतींचं थोडक्यात. केंद्राची करसवलत खर्चाच्या २० टक्के, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतीला. स्वतः राहणार असाल तर नाही. भाड्यानं देणार असाल तर मिळू शकते, मात्र २४ महिन्यांत दुरुस्तीवरचा खर्च इमारतीच्या (जमीन सोडून) हिशेबी किमतीपेक्षा जास्त व्हावा लागतो. समजा जमीन वजा जाता इमारत १,२०,००० डॉलरची धरली आणि तुम्ही १,५०,००० खर्च केले, तर सवलत ३०,०००, तीही पाच वर्षांत सहा-सहा हजारांनी. पाच वर्षांच्या आत विकलंत तर त्यातला काही भाग परत. आयोवा राज्याची वेगळी सवलत आहे, पात्र खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि ती राहत्या घरालाही मिळू शकते. पण दोन्हीकडे एकच पथ्य पाळा: अर्ज आधी, हातोडी नंतर. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले चार जण काम करून मग फॉर्म मागायला येतात. तुमच्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, हे आत्ताच सांगून ठेवा.

आणि शेजाऱ्याला वाटणारी खिडकीची भीती खरी ठरते ती इथे. सवलत घेतलीत तर कामाला गृहखात्याची मानकं लागू होतात (इथलं गृहखातं म्हणजे जमीन आणि उद्यानांचं, पोलिसांचं नव्हे). तिथे मूळ लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवणं चालत नाही. पण मी तर सवलत नसतानाही बसवू नका म्हणेन. गेल्या वसंतात एका घरातली 'अडकलेली' खिडकी मी मालकिणीसमोर उघडली. चौकटीच्या बाजूला एक छोटं लाकडी झाकण असतं, ते स्क्रूनं निघतं. आत पोकळीत, वर सरकणाऱ्या खिडकीला तोल देणारं बिडाचं लांबट वजन पडलेलं होतं आणि वर सुती दोरीचं कुजलेलं टोक. दोरी नवीन घातली, कडांवरचा रंगाचा थर खरवडला, पट्टीला मेण लावलं. दोन तासांत खिडकी एका बोटानं वर गेली. त्या बाईंना त्याच खिडकीसाठी नव्या खिडकीचं बाराशे डॉलरचं कोटेशन मिळालं होतं. त्या काळचं लाकूड दाट रेषांचं, तसं आज मिळत नाही. थंडीसाठी बाहेरून दुसरी काचेची चौकट लावा, काम भागतं. एक सावधगिरी मात्र: १९७८पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असतोच असं धरून चाला. लहान मुलं असतील तर खरवडणं, घासणं स्वतः करू नका.

खिडकीपेक्षाही मला काळजी आहे ती भिंतीची. सासऱ्यांच्या साताऱ्यात वाडा असेल तर तो बेसाल्टचा, काळ्या दगडाचा. त्याला पाऊस पाडा, सिमेंट फासा, तो फारसं मनावर घेत नाही. विंटरसेटचा दगड तसा नाही. हा चुनखडीचा, करोडो वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा. भूगर्भशास्त्रात 'विंटरसेट लाइमस्टोन' म्हणून याच गावाच्या नावानं ओळखला जातो. त्यात शंखशिंपल्यांचे ठसे दिसतात, आणि तो पाणी पितो. १८६०च्या गवंड्यानं तो चुन्यात बसवला होता. चुना दगडापेक्षा मऊ, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल दरजांतून, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. झिजायचं ते चुना झिजतो, दगड शाबूत राहतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणीतरी मोठ्या हौसेनं त्या दरजा करड्या सिमेंटनं भरतो. आता ओलीला वाट एकच, दगडातून. आयोवाच्या हिवाळ्यात ती ओल गोठते, फुगते, वितळते, परत गोठते. आणि दगडाचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात कंत्राटदार म्हणाला, "थोडं सिमेंट घातलं तर लवकर आवळेल," आणि मी मान डोलावली. तिसऱ्या हिवाळ्यानंतर मालकानं बोलावलं. भिंतीच्या पायथ्याशी तळहाताएवढे दगडाचे टवके पडले होते आणि वर सिमेंटच्या दरजा मात्र कुंपणासारख्या पुढे आलेल्या, ठणठणीत. ते सिमेंट काढताना उरलेल्या दगडांच्या कडाही गेल्या. दुरुस्ती मी माझ्या खर्चानं केली, पण गेलेले दगड परत आले नाहीत.

म्हणून घर परत बघायला जाल तेव्हा खिशात एक किल्ली ठेवा. उत्तरेकडच्या भिंतीपाशी, गुडघ्याच्या उंचीवर, दरजेत किल्लीचं टोक दाबा. भुसभुशीत होऊन पांढरट भुकटी आली तर चुना आहे. झिजला असेल, पण घाबरायचं कारण नाही. किल्ली घसरली, खण्ण आवाज आला आणि दरज करडी दिसली तर सिमेंट आहे. किती भिंतींवर, किती उंचीपर्यंत, फोटो काढून मोजा. ते काढायला छिन्नी-हातोडीच लागते, ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल साफ करून मग चुना भरायचा, थरांनी, आणि तोही थंडी पडायच्या आत. ऑक्टोबरनंतर कुणी "करून देतो" म्हणालं तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. वाळूच्या माऱ्यानं दगड 'चकचकीत' करून देणारेही भेटतील, त्यांना चहासुद्धा देऊ नका.

छताच्या पन्हाळी बघा. आतून तळघरात जाऊन भिंतीच्या बुडाशी पांढरे क्षार फुटलेत का बघा. कुठे क्षार, कुठे शेवाळं, तिथे वर पन्हाळ गळतीय का हे आधी बघा.

आणि एक, शेजाऱ्यांच्या जमिनीबद्दल. या काउंटीत पवनचक्क्यांवरून बरीच वादावादी झालेली आहे. तुमचं घर रजिस्टरवर आहे म्हणून समोरच्या शेतात काही उभं राहू शकत नाही, असं नाही. त्या कामात केंद्राचा हात असेल तर कलम १०६खाली तुमच्या घराचा विचार होईल, नसेल तर काउंटीचे नियम काय म्हणतात तेवढंच. अंगणातून दिसणाऱ्या क्षितिजासाठी घर घेत असाल तर आधी काउंटीच्या झोनिंग कार्यालयात जाऊन या.

घ्यावं की नाही? नुसता चुना असेल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वच्छ असेल आणि पन्हाळी धड असतील, तर मी घेईन. सिमेंट दोन भिंतींवर असेल तर दरजांच्या कामाचं लेखी कोटेशन हातात घेऊन मग भाव पाडा. चारही भिंतींवर असेल तर मला फोटो पाठवा, पण त्याआधी सही करू नका. आणि जायचं ते पाऊस पडत असताना जा, एजंटला छत्री आणायला सांगा.